हात स्टिअरिंगवर, कान पुण्याला

कायझर्सलाउटर्नहून मानहाइमला नोकरीसाठी जा-ये करणाऱ्या आपल्या मंडळींना ए-६ ऑटोबान म्हणजे दुसरे घरच. संध्याकाळी पाचला ऑफिस सुटते तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात साडेआठ वाजलेले असतात. आईबाबांशी बोलायची हीच वेळ.

गाडी चालवताना फोन हातात धरला तर १०० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या दप्तरी एक पॉइंट. २०१७ पासून हा नियम गाडीतल्या टचस्क्रीनलाही लागू आहे. भर पावसात स्क्रीनवर वायपरचा वेग बदलता बदलता एका टेस्लावाल्याची गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली! २०० युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये ही शिक्षा कायम केली.

म्हणून स्टिअरिंगवरची साधी बटणेच मला खरी सोय वाटतात. रेडिओचा आवाज, पुढचे गाणे, फोन घेणे-ठेवणे, सारे अंगठ्याने होते आणि नजर रस्त्यावर राहते. बोलून नंबर लावायचा तर मात्र गंमत आहे. जर्मन कानाला 'आई' म्हणजे 'आय', अर्थात अंडे! तेव्हा यादीत 'पुणे घर' असे काहीतरी लांब नाव ठेवावे. ब्लूटूथची जोडणी गाडी उभी असतानाच उरकावी.

पण ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला २८ मीटर पुढे जाते. बाबांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट ऐकताना हात मोकळे असले तरी डोके नसते. अशा वेळी 'आई, दहा मिनिटांत करतो' म्हणावे आणि पुढच्या पार्किंगला वळावे. घरच्यांनाही सांगून ठेवा: तसेच काही असेल तर आधी 'गाडीत आहेस का?' एवढे विचारा.