अपडेट आले, खुलासा आला नाही

मोबाईलवरील खेळांविषयी आपल्याकडे गेल्या सात-आठ वर्षांत जे काही लिहिले आणि बोलले गेले, त्याचा बहुतेक भाग व्यसन, अभ्यासाची हेळसांड आणि डोळ्यांची हानी या तीन विषयांनी व्यापलेला आहे. जानेवारी २०१९ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल करून पबजी या खेळावर बंदीची मागणी केली, तिचीही गणना याच पक्षात करावी लागेल. परंतु खेळणाऱ्याची स्वतःची कैफियत काय आहे, हे पुसण्याची तसदी पालक, शिक्षक, पोलीस आणि संपादक यांपैकी फारशा कोणी घेतली नाही. ती कैफियत अगदी निराळी होती. खेळ बदलतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि यांपैकी कशाचीही वर्दी आपल्याला वेळेवर मिळत नाही, ही ती कैफियत; आणि तिचा मागोवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून घेणे मला अधिक उचित वाटते, कारण मुंबई-पुण्याच्या मुलाला जी गोष्ट केवळ चीड आणते, ती सातपुड्याच्या पायथ्याशी प्रत्यक्ष खर्चाची बाब होऊन बसते.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या या जिल्ह्याला संगणकयुगाची ओळख सरकारनेच मोठ्या थाटाने करून दिली होती. शहादे तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओचे आगमन झाले, इंटरनेटचा दर कोसळला, आणि मार्च २०१८ मध्ये टेन्सेंट कंपनीने पबजी मोबाईल जगभर खुला केला तेव्हा नंदुरबार, शहादे, नवापूर येथील मुलांच्या हाती तो खेळ चालवू शकणारे फोन आणि परवडणारा डेटा, अशी दोन्ही साधने आलेली होती. ज्यांचा फोन हलका होता ते फ्री फायर या खेळाकडे वळले. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर मात्र फोन असूनही रेंज नव्हती.

जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये एकदा राहिलेला दोष कायमचा राहत असे आणि मुले तो खेळाचाच भाग मानून पुढे जात. आताचा खेळ मात्र कंपनीच्या सर्व्हरवर वसतो आणि दर दीड-दोन महिन्यांनी नवे रूप घेतो. हे नवे रूप शेकडो एमबींचे असते, आणि ते उतरवून घेतल्याशिवाय स्क्वाडमधील सोबत्यांबरोबर खेळता येत नाही, कारण दोघांच्या आवृत्त्या जुळल्या पाहिजेत. दिवसाकाठी दीड जीबीची मर्यादा असलेल्या ज्या मुलाला पुरेशा रेंजसाठी पाड्यावरून उतरून बाजाराच्या गावी यावे लागते, त्याने हा सारा खटाटोप करून खेळ उघडावा आणि आपण महिनोन्‌महिने सरावात आणलेल्या बंदुकीचा झटका बदललेला, फोन पूर्वीपेक्षा अधिक हँग होणारा, आणि जुना दोष जिथल्या तिथेच असलेला आढळावा, म्हणजे त्याच्या संतापाला कारण नाही असे कोण म्हणेल? बदलांची यादी प्रसिद्ध होते, नाही असे नाही. पण ती इंग्रजीत असते, तीत नव्या पोशाखांचे वर्णन सविस्तर असते, आणि ‘काही त्रुटी दूर केल्या’ एवढ्या एका वाक्यात बाकीचा कारभार आटोपलेला असतो. घरी अहिराणी, भिल्ली किंवा पावरी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलापर्यंत ही वार्ता पोहोचवली ती यूट्यूबवरच्या हिंदी बोलणाऱ्या खेळाडूंनी. गावकीत जे काम कोतवालाच्या दवंडीचे असे ते त्यांनी पत्करले, फरक इतकाच की कोतवालाला निदान चावडीवरून मजकूर मिळत असे, आणि यांना बरेचसे तर्कानेच सांगावे लागे.

या न सांगण्याचा पहिला ठळक नमुना मार्च २०१९ चा आहे. त्या महिन्यात राजकोटच्या पोलिसांनी जाहीरनामा काढून पबजी खेळण्यास मनाई केली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटकही केली. (नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, राजकोटचा हुकूम तिथवर लागू नव्हता हे खरे, पण फलाटावरच्या बाकाच्या कोणत्या टोकाला बसून खेळावे, हा विनोद त्या काळात सहज सुचण्यासारखा होता.) याच सुमारास भारतातील काही खेळाडूंना खेळ चालू असताना एकाएकी सूचना दिसू लागली की, आपण आज सहा तास खेळला आहात, आता नंतर यावे. अशी मर्यादा घालणार असल्याचे कंपनीने आधी जाहीर केलेले नव्हते. ज्यांना ती सूचना दिसली त्यांना आपला आयडी बॅन झाला की काय अशी शंका आली, ज्यांना दिसली नाही त्यांनी पहिल्यांना खोटे ठरविले, आणि ही मर्यादा जशी गाजावाजा न करता आली तशीच ती उठली. मर्यादा स्वतः वाजवी होती असे माझे मत आहे. सहा तास म्हणजे काही थोडे नव्हेत. परंतु वाजवी नियमसुद्धा चोरपावलांनी आला की तो शिक्षेसारखा भासतो.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली आणि तीत पबजी मोबाईलही होता. ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद झाले, आणि १२ नोव्हेंबरला खास भारतासाठी नवा खेळ येणार असल्याची घोषणा झाली. मग कित्येक महिने ‘लवकरच’ या एका शब्दावर खेळाडूंची बोळवण होत राहिली. टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या होत्या, त्यामुळे फोन हाती होता पण खेळ नव्हता, अशी ती विचित्र अवस्था. अखेर २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ सुरू केला. त्यात रक्त हिरव्या रंगाचे होते. जुन्या खात्यातील पोशाख आणि पदके नव्या खात्यात नेण्यासाठी वर्षअखेरपर्यंत मुदत मिळाली. हे एक काम कंपनीने व्यवस्थित केले, आणि त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

पुढच्या वर्षी मात्र कंपनी आणि सरकार या दोघांच्या मौनांचा संगम झाला. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर ॲपच्या दुकानांतून अदृश्य झाला. त्याचे नाव सरकारच्या नव्या बंदीच्या यादीत असल्याचे कळण्यास १४ तारीख उजाडावी लागली, आणि मधल्या काळात कोणी तो सर्व्हरचा दोष मानला, कोणी मोठ्या अपडेटची पूर्वतयारी. २८ जुलै रोजी बॅटलग्राउंड्सही तसाच गेला. यावेळी ज्यांच्या फोनवर तो आधीच होता त्यांना खेळता येत होते, आणि नव्याने कोणाला घेता येत नव्हता. हा अर्धवट मृत्यू कोणत्या प्रकारचा आहे हे सांगण्यास कोणी पुढे येईना. गुगलने सरकारी आदेशाकडे बोट दाखविले, आणि कंपनीने आपण माहिती घेत असल्याचे कळविले. येथे कंपनीची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली दिलेल्या आदेशांबाबत २००९ च्या नियमांपैकी सोळावा नियम गुप्तता पाळण्यास सांगतो, तेव्हा सर्वच मौन मग्रूरीचे नव्हते. पण विशी ओलांडलेल्या, आपल्या कमाईतून यूसी, म्हणजे खेळातले चलन, विकत घेतलेल्या तरुणाला हा सोळावा नियम कोणी समजावून सांगितला होता?

खेळाडूही निर्दोष नाहीत. एक पै न खर्चता खेळणारा जेव्हा निर्मात्यांना जिवे मारण्याच्या गोष्टी करतो, आणि खरा दोष आणि स्वतःचा पराभव यांत भेद करीत नाही, तेव्हा निर्मात्याने बोलणेच सोडले तर त्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. इंग्लंडमधील हॅलो गेम्स या छोट्या संस्थेने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आणला, त्यात आधी सांगितलेल्या कित्येक गोष्टी नव्हत्या, आणि गहजब झाल्यावर तिने मौन धारण केले. पण ते मौन कामाचे होते, कारण नोव्हेंबरपासून एकामागून एक विनामूल्य सुधारणा येत गेल्या, जुलै २०१८ मध्ये सोबत्यांबरोबर पूर्णपणे खेळता येऊ लागले, आणि लोकमत फिरले. तेव्हा निर्मात्याने अहोरात्र बोलावे असा आग्रह व्यर्थ आहे. मला खटकते ते प्रमाण. जाहिरातीच्या वेळी वाणीला पूर येतो आणि खुलाशाच्या वेळी ती आटते.

याच्या उलट पडताळाही पुढे मिळाला. २९ मे २०२३ रोजी बॅटलग्राउंड्स परतला तो तीन महिन्यांच्या परीक्षामुदतीवर, आणि सोबत अटी घेऊन: अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास. म्हणजे चार वर्षांपूर्वी जे सहा तास रात्रीतून उगवले होते तेच आता उघडपणे, कारणासह आणि तारखेसह सांगितले गेले. माझ्या पाहण्यात तरी यावेळी कुरकुर झाली, संताप झाला नाही. खेळ परतल्याचा आनंद त्यात मिसळलेला होता, हेही कबूल केले पाहिजे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ‘इंडस’ हा आपला बॅटल रॉयल १६ ऑक्टोबर २०२४ रोजी खुला केला, तत्पूर्वी मर्यादित खेळाडूंना तो चाचणीसाठी दिला आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या. हा मार्ग सावकाशीचा आहे, आणि वाट पाहणाऱ्यांनी त्यालाही नावे ठेवलीच.

फ्री फायरचे काय झाले, हे सांगायचे राहिले. ‘फ्री फायर इंडिया’ या नावाने तो ५ सप्टेंबर २०२३ रोजी येणार अशी घोषणा झाली, महेंद्रसिंग धोनी त्याचा राजदूत म्हणून झळकला, आणि आदल्या दिवशी त्याच्या कंपनीने कळविले की खेळ अधिक परिपूर्ण करण्यासाठी काही आठवडे लागतील. पुढच्या वर्षीचा ५ सप्टेंबर उजाडला तरी ते काही आठवडे पुरे झालेले नव्हते, आणि नवी तारीखही कोणी सांगितलेली नव्हती.