तालमीपासून छापखान्यापर्यंत

सकाळी ७. पुण्यातल्या एका प्रायोगिक नाट्यसंस्थेची पोस्टरं, हस्तपत्रकं आणि तिकिटं मी करते. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, गाठीला पैसा थोडाच. संगणक लावण्याआधी नव्या नाटकाची संहिता पुन्हा वाचून काढते. चित्र नंतर सुचेल. हे नाटक बघायला घराबाहेर कोण पडेल, ते आधी कळायला हवं.

९ वाजता सचिवांचा फोन येतो. "ताई, काहीतरी छान करा." मी दोनच गोष्टी विचारते: रक्कम किती आणि शेवटचा होकार कुणाचा. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला वेगळा रंग आवडतो, म्हणून निर्णय एकाच्याच हाती हवा. ठरलेलं सगळं लगेच मेलवर लिहून पाठवते: मापं, मुदत, दुरुस्त्या किती वेळा. मानधन नसलेल्या कामालाही हे लिखित हवंच. नाहीतर चांगली माणसं एकमेकांपासून दुरावतात.

१० ते २ हा वेळ मी कुणाला देत नाही. नाटकाचं नाव हातानं लिहून पाहते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतही नाटकाचा स्वभाव दिसायचा. ती परंपरा आपल्याकडे असताना तयार फॉन्टवर नाव उरकणं मला पटत नाही. बाकी मजकुराला मुक्त परवान्याचे फॉन्ट घेते; 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बलू' छपाईसाठीही मोफत आहेत, त्यामुळे गरीब संस्थेलाही चोरीचा फॉन्ट वापरावा लागत नाही. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून ओळ मोठी दिसायला हवी असेल तर अक्षराचाच आकार वाढवायचा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत ना, हेही बघायचं. अनेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं.

३ वाजता शनिवार पेठेतला छापखाना. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात आणि शंभर प्रती काढा की हजार, प्लेटांचा खर्च तोच. म्हणून पत्रकं एकाच रंगात, रंगीत कागदावर. पोस्टरं मोजकीच, ती डिजिटलवर. पैसा कमी आहे हे आधीच माहीत असल्यामुळे पोस्टरही पहिल्या रेखाटनापासून दोन रंगांतच आखलं होतं. ते आता कुठेही तडजोडीचं वाटत नाही. कडेबाहेर ३ मिमीपर्यंत रंग वाढवलेला असतो, कापताना पांढरी रेघ राहू नये म्हणून.

देणगीदारांची बोधचिन्हं खालच्या पट्टीत, सगळी एकाच उंचीची. यावर वाद नको.

७ वाजता तालमीच्या हॉलमध्ये प्रूफ घेऊन जाते. दिग्दर्शक श्रेयनामावली मोठ्यानं वाचतात, प्रकाशयोजना आणि रंगभूषा करणाऱ्यांची नावंसुद्धा. ही मुलं पदरचा वेळ घालून राबतात; त्यांचं नाव चुकता कामा नये. तारीख आणि वार मी कॅलेंडरशी ताडून बघते.

९ वाजता छपाईची पीडीएफ, उघडता येणारी मूळ फाइल आणि फॉन्ट संस्थेच्या स्वतःच्या खात्यात चढवते. कार्यकर्ते येतात-जातात, संस्थेला पुढच्या वर्षीही पोस्टर लागणारच असतं. तुम्ही अशा एखाद्या संस्थेत असाल, तर तुमच्या मूळ फाइली कुणाच्या संगणकावर पडून आहेत, हे आजच विचारून घ्या.