‘टिल शायलो’: डान्सहॉलने कूस बदलली त्याची तीन वर्षं

१९९२मध्ये जमैकात गायक बूजू बँटनच्या नावाची चलती होती. मूळ नाव मार्क मायरी, किंग्स्टनच्या गरीब वस्तीतला, विशीही न गाठलेला. घोगरा, खडबडीत आवाज, यंत्रावरचा ठेका आणि त्यावर बायका, बढाई, बंदूक. डान्सहॉल या जमैकन नाचसंगीताचा बाजार यावरच चाले. १९८१मध्ये रेगेचा गायक बॉब मार्ली गेला, १९८५मध्ये ‘स्लेंग टेंग’च्या संगणकी ठेक्याने वादकांची गरज कमी केली आणि रेगेतला रास्ताफारी या जमैकन धार्मिक पंथाचा सूर मागे पडला. बूजूचं ‘बूम बाय बाय’ही १९९२मधलंच. समलिंगी पुरुषांना गोळ्या घालण्याची भाषा करणाऱ्या या गाण्याने त्याला जगभर निषेध आणि कायमचा डाग मिळाला.

पुढच्या वर्षी बंदूक गाण्यातून घरात शिरली. पॅनहेड हा त्याचा समकालीन गायक गोळीबारात मारला गेला, त्यानंतर बूजूने ‘मर्डरर’ हे गाणं म्हटलं. आता तोच खडबडीत आवाज खुन्याला जाब विचारत होता. याच काळात गायक गार्नेट सिल्कने रास्ताफारी भक्ती पुन्हा लोकप्रिय केली होती. बूजूनेही तो पंथ स्वीकारला, जटा वाढवल्या.

जुलै १९९५मध्ये त्याचा ‘टिल शायलो’ हा अल्बम आला. डोनोव्हन जर्मेन आणि बॉबी डिजिटल हे निर्माते मुळात डान्सहॉलचेच. तरी ‘टिल आय अ‍ॅम लेड टू रेस्ट’मध्ये रास्तांच्या प्रार्थनासभेतले न्याबिंगी ढोल आहेत आणि आफ्रिकेची ओढ आहे. ‘अनटोल्ड स्टोरीज’मध्ये गिटारच्या साथीवर गरिबाच्या पोटापाण्याची चिंता येते. ‘कम्प्लेन्ट’मध्ये सिल्कचा आवाज आहे, पण अल्बम बाजारात आला तेव्हा तो हयात नव्हता, डिसेंबर १९९४मध्ये तो आगीत गेला होता.

याच अल्बममध्ये ‘चॅम्पियन’ आणि ‘ओन्ली मॅन’ही आहेत, जुन्या बूजूच्या मस्तीची गाणी. समीक्षकांना ही सरमिसळ खटकू शकते. मला तीच त्याची ताकद वाटते. नाचायला आलेल्या पोरांना उपदेश ऐकायला वेगळ्या मांडवात जावं लागलं नाही. केपलटन, सिझ्ला, अँथनी बी या गायकांनी नव्वदच्या दशकात हीच वाट रुंद केली.

माणूस मात्र अल्बमइतका सरळ चालला नाही. २०११मध्ये फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी मिळालं आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या न्यायालयात तो कोकेनच्या खटल्यात दोषी ठरला. डिसेंबर २०१८मध्ये तुरुंगातून सुटका झाली. मार्च २०१९मध्ये किंग्स्टनचं राष्ट्रीय स्टेडियम त्याच्यासाठी भरलं. त्याच वर्षी ‘बूम बाय बाय’ त्याने कायमचं बाजूला काढलं. ‘टिल शायलो’ला संतचरित्र समजून ऐकणाऱ्याची निराशा होईल. बावीस वर्षांच्या तरुणाने आपली भूक आणि आपला देव एकाच ठेक्यावर बसवले, हे त्याचं मोल आहे आणि ते पुढच्या पडझडीने कमी झालेलं नाही.