सरीच्या पाण्यातून खत : वेळेचे महत्त्व

पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी व सिद्धेश्वर जलाशयांचे पाणी कालव्यांवाटे वसमत तालुक्याच्या काळ्या रानात येते. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा हा बागायती भाग. येथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. ठिबक संचांचा प्रसार झाला असला, तरी ऊस व हळदीला सरीने पाणी देणारे शेतकरी आजही आहेत. त्याच पाण्यातून युरिया दिल्यास मजुरी वाचते. मात्र तो केव्हा मिसळावा, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी जाईल तेथे जातो. हाच त्याचा गुण व हाच दोष. काळी जमीन वाळली की भेगाळते. पहिले पाणी या भेगांतून खोल उतरते; शिवाय सरीच्या तोंडाशी ते सर्वाधिक वेळ मुरते. दारे फोडताच खत मिसळले, तर तोंडाकडील पीक गर्द हिरवे व टोकाकडील पिवळट, असे दृश्य दिसते. मुळांखाली गेलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ शेतकऱ्याच्या खर्चाचा राहत नाही.

म्हणून आधी साधे पाणी सोडावे. ते सरीच्या टोकाजवळ पोहोचले व भेगा मिटल्या, की द्रावण सुरू करावे. टोक मातीने बंद हवे, अन्यथा खत ओढ्याला जाते. शेवटी थोडा वेळ पुन्हा साधे पाणी द्यावे.

साधन साधेच : शेताच्या पाटाच्या तोंडाशी तोटी बसविलेले पिंप. एका वेळी जितक्या सऱ्यांना पाणी चालू असेल, तितक्यांच्याच वाट्याचा युरिया त्यात विरघळवावा. विरघळताना पाणी गार पडते, त्यामुळे ढवळण्यास वेळ द्यावा लागतो. २०० लिटर द्रावण १०० मिनिटांत संपवावयाचे असल्यास मिनिटाला दोन लिटर धार हवी; लिटरचे माप अर्ध्या मिनिटात भरते का, हे पाहिले की पुरे. पिंप रिकामे होत जाते तशी धार मंदावते, म्हणून तोटी मधूनमधून थोडी अधिक उघडावी लागते. ४५ किलोच्या गोणीत नत्र सुमारे २०.७ किलोच असते, हेही हिशेबात धरावे.

सुपर फॉस्फेट मात्र या रीतीने देऊ नये. त्यातील स्फुरद चुनखडीयुक्त मातीत वरच्या थरातच अडकून पडते. ते लागवडीच्या वेळी मुळांजवळ पेरणेच योग्य. तसेच पिंप सामाईक चारीवर किंवा विहिरीच्या काठावर ठेवू नये. त्या चारीवर पुढे इतरांची जनावरेही पाणी पितात.