गिरणीचे धुरांडे आणि ओल: गैरसमज व वस्तुस्थिती

मुंबईतील जुन्या कापडगिरण्यांची विटांची धुरांडी चुन्यात बांधलेली असून, त्यांच्या दुरुस्तीविषयीचा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक समज असा आहे की ओल रोखण्यासाठी झिजलेले सांधे चुन्यापेक्षा कठीण अशा सिमेंटने भरावेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो उंच, उघड्या बांधकामावर थेट आदळतो, तेव्हा थोडेफार पाणी विटेत शिरणारच. महत्त्वाचे असते ते हे पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते. चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्यामुळे ओल त्यातून सुकते, पाण्यात विरघळलेले क्षार तेथेच साठतात आणि झिजतो तो सांधा, जो पुन्हा भरता येतो. सिमेंटने ही वाट बुजली की ओल विटेतूनच बाहेर पडू लागते, खाऱ्या हवेतून आलेल्या क्षारांचे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढतात, म्हणजेच विटेला लोणा लागतो, आणि कालांतराने वीट पापुद्र्यांनी झडून जाते, तर तिच्याभोवतीची सिमेंटची चौकट तेवढी शाबूत राहते. झडलेली वीट परत मिळत नाही. म्हणून सांधा नेहमी विटेपेक्षा मऊ असावा, हा नियम येथे अपवाद न करता पाळला पाहिजे.

बाहेरून जलरोधक रंगाचा थर दिल्यासही हाच परिणाम होतो, कारण आत अडकलेले पाणी त्या थरामागे साचते.

भट्टी विझली की धुरांड्याची झीजही थांबते, हे मानणेही चुकीचे आहे. भट्टी चालू असताना तिच्या उष्णतेने नळी आतून कोरडी राहत असे. ती विझल्यावर वरून पडणारे पाणी आतल्या काजळीत मुरते आणि कोळशाच्या धुरातून साठलेले गंधकयुक्त क्षार, म्हणजे सल्फेट, विरघळवून सांध्यांत नेते. सांध्यांत सिमेंट असल्यास त्यातील घटकांशी या सल्फेटची अभिक्रिया होऊन सांधे फुगतात. जी बाजू अधिक काळ ओली राहते ती अधिक फुगते आणि धुरांडे विरुद्ध बाजूस कलू लागते. हा कल पाया खचल्याचाच आहे असे तपासाविना ठरवले, तर दुरुस्ती भलत्याच जागी होते. वरून पाणी आत पडू नये म्हणून धुरांड्याचे तोंड काँक्रीटने पूर्ण बंद केल्यास आतली दमट हवा कोंडते. पाऊस अडवणारी, पण बाजूंनी वारा खेळू देणारी टोपी आणि तळाशी हवेसाठी मोकळी ठेवलेली वाट या दोन्हींची गरज असते.

चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. त्यामुळे सांधे भरण्याचे काम पावसाळा सरल्यावर हाती घ्यावे लागते आणि भरलेला भाग एकदम सुकू नये म्हणून ओल्या गोणपाटाने काही दिवस झाकून ठेवावा लागतो.