मोटारीविना वाट

फ्रान्समध्ये तुलूझहून आम्ही सायकली काढल्या. नोरूझच्या आसपास डांबर संपले, खडी-मातीची वाट लागली. बाजूला कालवा, पलीकडे शेते. मोटारीचा मागमूस नाही. पूर्वी याच काठाने घोडे नावा ओढत.

१६६६ साली चौदाव्या लुईच्या मंजुरीने पिएर-पॉल रिके यांनी २४० किलोमीटरचा हा ‘कनाल द्यु मिदी’ हाती घेतला, स्वतःचा पैसाही ओतला. १६८१मध्ये तो खुला झाला. त्याआधीच रिके यांचा इंतकाल झाला होता.

काठावरची चिनारच्या जातकुळीतली हजारो झाडे २००६पासून बुरशीच्या रोगामुळे तोडावी लागली. तिथे आता नवी रोपे लावतात.

घरी आम्ही लेकीला सायकलवर एकटी सोडत नाही. इथे ती बरीच पुढे गेली, तरी हाक मारावीशी वाटली नाही.