वंशपरंपरागत किताब आणि अहेरीचे ‘राजे’

कॅनडाचे नेते चार्ल्स टपर यांना १८८८ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने दिलेला ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब १९१५ मध्ये त्यांच्या नातवाकडे गेला. १९१९ मध्ये कॅनडाच्या प्रतिनिधिगृहाने अशा किताबांना विरोध नोंदविला. अहेरीच्या आत्राम घराण्याचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. त्यांची जमीनदारी १९५१ मध्ये कायद्याने संपुष्टात आली. संविधानाचा अनुच्छेद १८ राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई करतो. लोकांनी स्वेच्छेने वापरलेले ‘राजे’ हे संबोधन मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहते. राजे विश्वेश्वरराव १९७७ मध्ये चंद्रपूरमधून लोकसभेवर गेले, ते मतांवर. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तर याच घराण्यातील तिघे परस्परांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा आत्राम निवडून आले.